बोटभर जागा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

तर त्या दिवशी तो आमच्या दुकानासमोर थांबला, माझ्याकडे बघून छानपैकी हसला, आणि सायकलसकट आडवा झाला. खड्डा नव्हता. कुत्रं मधे आलं नव्हतं. सायकल थांबली, क्षणभर सरळ उभी राहिली… आणि मग सावकाश, अगदी निवांत, डावीकडे कलत कलत चिखलात धप्पकन पडली. सायकल कुठली आणि माणूस कुठला, कळेना.

१९९८चा ऑक्टोबर होता. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता आणि तिसगावातला रस्ता म्हणजे नुसता राडा झाला होता. मी दुकानाच्या पायरीवर बसून एका चपलेचा अंगठा शिवत होते. हातातली आरी टाकून उठले खरी, पण तिथंच थिजले.

त्याचा पाय पायडलला चिकटला होता. तो ओढत होता आणि पाय सुटत नव्हता. मागचं चाक अजून गरगर फिरत होतं, तारा चमकत होत्या…

"अहो, पाय काढा ना!" मी किंचाळले.

"निघत न्हाई!"

"निघत नाही म्हणजे?"

"लॉक हाय त्याला. टाच बाहेर फिरवली की सुटतं."

"मग फिरवा की!"

"फिरवतोय की! पाय फिरतोय, बूट फिरत न्हाई!" एवढं बोलून तो चिखलात पडल्या पडल्या हसायला लागला. मला रडू फुटायची वेळ आली होती आणि हा बाबा हसत होता.

माझे वडील आतून आले. त्यांनी आधी फिरतं चाक हाताने थांबवलं, मग बुटाची नाडी सोडली. पाय अलगद बाहेर आला. बूट मात्र पायडललाच लटकत राहिला, आणि त्यातून वर्तमानपत्राचे दोन बोळे खाली पडले.

"कुणाचे बूट घातलेत?" बाबांनी विचारलं.

"पाहुण्याचे." त्याने तोंडावरचा चिखल पुसला. "मेहेराबादच्या आश्रमात एक परदेशी पाहुणा आला हुता. त्याला दोन महिने आपले डोंगर दाखवले. जाताना सायकल देऊन गेला, बूट देऊन गेला. पाय कुठं देऊन गेला! त्याचा पाय म्हणजे होडी हुती, कचरूमामा. म्हणून तर तुमच्याकडं आलोय. माझ्या मापाचा बूट पायजे. तळाला ही लोखंडी पट्टी बसवायची, ती पायडलात अडकती, बास."

"आम्ही असले बूट करत नाही," मी म्हणाले.

"करतो," बाबा म्हणाले.

बाबांची आयुष्यभराची नोकरी भिंगारच्या लष्करी छावणीत बूट दुरुस्त करण्याची. आमच्या घरात हा धंदा पिढीजात नव्हता. ते छावणीतच शिकले, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही गावी येऊन हे दुकान टाकलं होतं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली बूट बेतायचे लाकडी फर्मे, आणि फळीवर माझी वही. त्या वहीत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाची आकृती पेन्सिलीने काढलेली असायची. बाबांच्या डोळ्यांनी बारीक काम होईना, तेव्हापासून माप आणि शिवण माझ्याकडे होती.

मी वही उघडून जमिनीवर ठेवली.

"पाय ठेवा."

"कुठं?"

"माझ्या डोक्यावर! कागदावर ठेवा, कुठं म्हणजे काय?"

त्याने निमूट पाय ठेवला. आमच्याकडे येणारे लोक पाय बिनधास्त पुढे करतात, पण तो संकोचला. "पाय लई घाण हाय," असं म्हणून त्याने आधी पाय रुमालाने पुसला. तो रुमाल पांढरा होता, हे मला आजही आठवतं.

"हलू नका."

"गुदगुल्या होत्यात."

"एवढा मोठा घोडा झालात आणि गुदगुल्या होतात?"

"घोड्याला नाल ठोकताना बी कुणी एवढं दटावत नसंल." तो खाली वाकून बघत होता. मला त्याच्या केसांतला चिखलाचा वास येत होता आणि माझी पेन्सिल उगाचच करंगळीपाशी रेंगाळली. "नाव न्हाई लिहायचं का?" त्याने विचारलं.

"सांगा."

"कानिफनाथ. मढीच्या वाटेला आमची वस्ती हाय. आईनं मढीच्या नाथाला नवस केला हुता. पाच वर्षं राहुरीला कृषी विद्यापीठात हुतो, आता शेती बघतो. तुमचं?"

"वहीत माझं नाव नसतं. माझं माप नाही त्यात."

"मी वहीतलं कुठं विचारलं?"

"यशोधरा," मी म्हणाले, आणि कान गरम झाले म्हणून उठून गेले.

त्याला काय काय हवं होतं ते त्याने बाबांना सांगितलं. तळ कडक पाहिजे, वाकला तर पायडल मारताना तळव्यात कळ येते. पुढे टणक टोपण पाहिजे, दगड लागले तरी बोटं वाचली पाहिजेत. आतल्या घोट्याला सायकलचा दांडा घासतो, तिथं गादी पाहिजे. नाडीवर पट्टा पाहिजे, नाहीतर ती साखळीत जाते. आणि सायकल खांद्यावर टाकून चढावं लागतं, तेव्हा चालताही आलं पाहिजे. बाबा खूश! इतक्या वर्षांत त्यांना कुणी बुटाबद्दल एवढं विचारलं नव्हतं.

"पण चालवायचं कुठं हे?" मी मधेच विचारलं.

"करंजी घाटात. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी शर्यत हाय. माथ्यावरून जुन्या पायवाटेनं खाली."

ती पायवाट मी पाहिली होती. बकऱ्याही तिथं विचार करून पाय टाकतात. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. आणि हा तिथून पाय सायकलला बांधून उतरणार होता.

"लॉक कशाला हवं? साध्या चपला घाला ना."

"खडकावर पाय उडतो पायडलवरून. मग पायडल नडगीत घुसतं. लॉक असलं की पाय जागचा हलत न्हाई. भ्यायचं काय त्यात?"

काय सांगू त्याला? मी नऊ वर्षांची होते. बाबांच्या सायकलवर मागे कॅरिअरवर बसले होते. भिंगारच्या उतारावर माझी टाच चाकाच्या तारांत गेली. पाय अडकला, आणि सायकल थांबेपर्यंत तो अडकलेलाच राहिला. दहा टाके पडले. बाबांनी त्याच आठवड्यात सायकल विकली आणि मी त्यानंतर कुठल्याच सायकलला हात लावला नाही. पायात मोजे घालते ते थंडीसाठी नाही.

त्याला यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "दिवाळीनंतर या."

पण दिवाळीपर्यंत दम कुणाला होता! तो दर दोन दिवसांनी यायचा. कधी फर्मा बघायला, कधी चामडं बघायला. एकदा तर "पायाचं माप बदललं का बघा" म्हणून आला.

"चार दिवसांत?"

"वाढतं वय हाय."

"चोवीस वर्षांचं?"

"तुम्हाला माझं वय कसं माहीत?" त्याने भुवया उंचावल्या. मी जीभ चावली. बाबांनी तोंडात धरलेल्या खिळ्यांमुळे त्यांना हसता येत नव्हतं, पण त्यांचे खांदे हलत होते.

एकदा येताना त्याने सीताफळं आणली, आईला न विचारता तोडलेली. पायरीवर बसून आम्ही खाल्ली. मी बिया मोजून एका कडेला लावत होते आणि तो बघत होता. "एवढी नीटनेटकी माणसं मला घाबरवतात," तो म्हणाला. मी म्हणाले, "तुम्ही घाबरता तरी का कशाला?" त्याने हातातली बी माझ्या ओळीत नेऊन ठेवली. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "बूट तयार झाल्यावर इकडं यायला निमित्त काय सांगायचं, ह्याला घाबरतो."

त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आनंदाबरोबर भीती अशी काही वाढली, की विचारू नका. आता तो पडला तर तो कुणीतरी गिऱ्हाईक असणार नव्हता. शिवताना डोळ्यांपुढे यायचं – तो पडलाय आणि पाय निघत नाही. भाकरी थापताना यायचं. सायकल दरीत ओढली जातेय, आणि तिच्याबरोबर तोही…

आमच्याकडे गावाकडचा माणूस बूट नेहमी बोटभर मोठाच मागतो. उन्हात पाय फुगतो, थंडीत मोजे चढतात, शिवाय ऐसपैस बूट म्हणजे सुखाचा बूट अशी सगळ्यांची समजूत. बाबा मात्र मला दोनदा म्हणाले होते, "यशू, हा मापात बसव. अगदी मापात."

मी "हो" म्हणाले. आणि बाबा जेवायला गेल्यावर फर्म्याच्या टाचेला चामड्याची एक पट्टी लावली. बोटभर. माझा हिशोब सरळ होता. लॉक सुटलं नाही, तरी पाय बुटातून तरी निघेल. त्या दिवशी चिखलात निघाला होता तसा.

बूट दिसायला इतका देखणा झाला, की बाबांनी तो दिवसभर दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला. काळं चामडं, पुढे टणक टोपण, घोट्याला मऊ गादी. कानिफने घातला, चार पावलं चालला.

"टाच जराशी हलतीय काय?"

"वापरून बसेल," मी म्हणाले.

बूट वापरून बसत नाही, वापरून सैल होतो. हे शाळकरी पोरालाही कळतं. त्याला कळलं नाही, कारण तो बुटाकडे बघतच नव्हता.

पंधरा दिवसांनी भर दुपारी एक बाई दुकानापुढे येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, डोईवर पदर, कपाळाला मोठं कुंकू. हातात एक बूट. नाड्या कापलेल्या, टोपणावर रक्ताचा डाग. मी तो बूट लांबूनच ओळखला.

"कचरू बूटवाल्याचं दुकान ह्येच का?"

"हो. बसा ना, आत या…"

"बसाया आले न्हाई." त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बूट पायरीवर ठेवला. "मी गोजरबाई. कानिफची आई. माझ्या लेकराच्या पायात ह्ये लोखंड तूच बांधलंस ना?"

"काय झालं त्याला? बरा आहे ना तो? सांगा ना!" मी कधी 'तो' म्हणाले ते मलाही कळलं नाही. त्यांना कळलं.

"भुवईवर सात टाकं पडल्यात. मनगाट सुजलंय. घाटात पाय सुटंना, सायकल कडंच्या खाली आन् ह्यो तिला लटकून. निवडुंगात अडकला म्हनून हाताला लागला. गुराखी लोकांनी नाड्या कापल्या तवा…" त्यांचा आवाज फाटला. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "पोरी, पुन्यांदा बूट करून देऊ नगंस. तुझ्या पाया पडते."

आईच्या वयाच्या बाईने असे हात जोडले की माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो. त्या गेल्या. मी तो बूट उचलून आत आणला आणि मांडीवर घेऊन बसले.

त्याचा पाय बुटातून निघायला हवा होता ना? त्यासाठीच तर बोटभर जागा सोडली होती. मग का निघाला नाही?

पट्टीच्या मापासाठी कानिफने दिलेलं एक पायडल दुकानात होतं. बाबांनी ते कधीच लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवून ठेवलं होतं. मी त्यात कधी पाय अडकवला नव्हता. माझी छातीच झाली नसती. त्या दुपारी मी मोजे काढले, बुटात नवी नाडी ओवली, चिंध्या गुंडाळून माझा पाय त्याच्या पायाएवढा केला, बूट चढवला, पट्टा आवळला आणि पायडलवर जोर दिला. खट्. पाय धरला गेला.

टाचेवरचा जुना व्रण ठणकल्यासारखा झाला. घामाने पाठ भिजली. मी टाच बाहेर फिरवली. पाय बुटाच्या आत फिरला, आणि बूट तसाच. पुन्हा फिरवली. पुन्हा तसाच. वर ओढला तर पट्ट्याने आणि नाडीने धरून ठेवला. ना लॉक सुटत होतं, ना पाय निघत होता.

पाय फिरतोय, बूट फिरत न्हाई.

पहिल्याच दिवशी, चिखलात पडल्या पडल्या त्याने सांगितलं होतं हे! पाहुण्याचा बूट मोठा होता म्हणूनच तो पडला होता. म्हणून तर त्याला आपल्या मापाचा हवा होता. मी ऐकलं होतं, पण भीतीने माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

रडत रडत मी पायाभोवती आणखी चिंध्या कोंबल्या. टाचेला, घोट्याला, जिथं जिथं जागा होती तिथं. पाय आणि बूट एक झाले तेव्हा टाच फिरवली. खट्… आणि सुटला. इतका सहज सुटला, की मी मागे पडता पडता राहिले.

बाबा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"मी जागा सोडली होती, बाबा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आज तुला चिंध्या कोंबताना बघितलं तेव्हा कळलं. जाऊन त्याला सांग."

आमच्या दुकानापासून त्याची वस्ती चालत तासाभराची. त्या तासात मी किती वेळा मागे फिरले असेन! बूट करणाऱ्याची पोर, तीही बौद्धांच्या घरातली, त्यांच्या अंगणात जाऊन काय सांगणार? तुमच्या मुलाला मीच पाडलं? गोजरबाई बोलतील. कुत्रं सोडतील. आणि तो… तो बोललाच नाही तर? त्या शेवटच्या विचाराची सगळ्यांत जास्त धास्ती वाटत होती.

अंगणात बाजरीची कणसं वाळत घातली होती. लिंबाखाली बाजेवर कानिफ बसला होता. भुवईवर पट्टी, मनगट बांधलेलं. मला बघून तो उठायला गेला. गोजरबाई कणसं चाळवत होत्या, त्यांचे हात थांबले.

बसायच्या आधीच मी बोलून टाकलं. बसले असते तर धीर गेला असता.

"बूट मी मोठा केला होता. फर्म्याला पट्टी लावून. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. लॉक सुटलं नाही ते त्यामुळे. चूक लॉकची नाही, तुमचीही नाही. माझी आहे."

"मुद्दाम केला?" त्याने सावकाश विचारलं.

"मुद्दाम."

"का पण?"

"पाय अडकला तर बुटातून तरी निघेल म्हणून! मला भीती वाटते. मला सगळ्याचीच वाटते, पण एवढी कुणासाठी वाटली नव्हती. रोज डोळ्यांपुढे येतं, तुम्ही पडलाय आणि पाय निघत नाही. झोप लागत नाही मला. तुमच्यासाठी…" आणि मग मला ऐकू आलं, आपण काय बोलतोय ते. त्याच्या आईसमोर. मी पदराने तोंड झाकलं आणि आता धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं.

मग गोजरबाईंनी कणसं बाजूला सारली.

"ह्याच्या बापानं ह्याला पैली सायकल आनली ना," त्या म्हणाल्या, "तवा म्या रोज सकाळच्या पारी उठून चाकातली हवा सोडायची."

"काय?" कानिफ ओरडला. "ती हवा तू सोडायचीस? आन् मी त्या पंक्चरवाल्याशी भांडत बसायचो!"

"गप ऱ्हा. ह्यो हवा भरायचा, म्या सोडायची. पोरगं घरात ऱ्हाईल, पडनार न्हाई, म्हनून. एक दिस घाईत तसाच गेला. चाकात हवा न्हाई, वळनावर घसरला आन् पुढचा दात पडला." त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे भरले होते, पण राग त्यात नव्हता. "तवापासनं हवा सोडायची बंद केली. भ्या काय गेलं न्हाई. आजून हाय." मग उठता उठता म्हणाल्या, "शर्यत काय त्यो सोडायचा न्हाई. बूट करायचाच तर मापात कर. च्या घेनार का?"

त्या आत गेल्या. लिंबाखाली आम्ही दोघंच. तो माझ्याकडे बघत होता. टाके पडलेली भुवई त्याला धड उचलता येत नव्हती, तरी तो उचलायचा प्रयत्न करत होता.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "आता मला यायला निमित्त लागणार न्हाई?"

"लागणार नाही," मी म्हणाले.

दुसरा बूट मी पंधरा दिवसांत केला. या वेळी त्याच्या पायाला ओलं फडकं गुंडाळून, घोटा, टाच, चवडा सगळं पुन्हा मापलं. आत सुईसुद्धा जाणार नाही असा बसवला, आणि बोटांना मात्र पुढे हलता येईल एवढी मोकळीक ठेवली. ठोकळ्यावरच्या पायडलमध्ये त्याला वीस वेळा पाय अडकवायला लावला, वीस वेळा सोडवायला लावला. खट्. खट्. "आणखी एकदा," मी म्हणायचे. "आता पाय दुखतोय," तो म्हणायचा. "दुखू दे. आणखी एकदा."

शर्यतीच्या सकाळी घाटात धुकं होतं. मी तिसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिले, जिथं तो पडला होता. मोडलेला निवडुंग अजून तसाच होता. थोड्या वेळाने माझ्या शेजारी कुणीतरी धापा टाकत येऊन बसलं. गोजरबाई.

"घरी बसवंना," त्या म्हणाल्या.

वरून शिट्टी ऐकू आली. मग दगड घरंगळल्याचा आवाज. पहिला आला, गेला. दुसरा आमच्या डोळ्यांदेखत खडकावर आपटला, उठला, लंगडत सायकल ओढत गेला. तिसरा, चौथा. कानिफ दिसेना. धुक्यातून नुसते आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला मी मान उंचावून बघत होते. गोजरबाईंनी माझा हात धरला होता. त्यांची नखं रुतत होती, आणि माझी त्यांना रुतत असणार.

मग तो आला. फार जोरात आला. वळणावर पुढचं चाक सुट्या मुरमावरून सटकलं, सायकल कडेकडे कलंडली… अगदी तशीच, डावीकडे, सावकाश. मी ओरडायला तोंड उघडलं…

खट्!

पाय सुटला. टोपण खडकावर आपटलं, ठिणगी उडाली. तेवढ्या एका पायावर तो सावरला, सायकल सरळ केली. खट्, पाय पुन्हा आत. आणि धुक्यात गेला.

मी मटकन खाली बसले आणि हमसाहमशी रडले. गोजरबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

तो सतरा जणांत सहावा आला. खाली आम्ही पोचलो तेव्हा बूट काढून दगडावर बसला होता. टोपणावर खोल ओरखडा पडला होता. त्याने पाय वर करून मला बोटं मोजून दाखवली. "एक, दोन, तीन, चार, पाच. सगळी हायेत. घ्या मोजून."

"कुठं काय लागलं?"

"काय न्हाई. आता तरी भीती गेली का?"

"नाही," मी म्हणाले. "भीती आहे तिथंच आहे. पण तूही आहेस." पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. तो सहावा आलेला माणूस असा काही हसला, की पहिल्या आलेल्याने वळून पाहिलं.

जानेवारीत एका सकाळी तो दुकानात आला. डोंगरातली सायकल नव्हती, वडिलांची जुनी काळी सायकल होती, कॅरिअरची.

"आईनं बोलावलंय," तो म्हणाला. "वही घेऊन. तिला चपला करायच्यात. म्हणती, माझ्या पायाचं माप आजवर कुणी घेतलं न्हाई, बाजारात मिळंल ते घातलं. यशोधराच्याच हाताचं माप पायजे म्हणती."

मी वही घेतली. बाहेर आले आणि कॅरिअर बघून थबकले.

मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी जाळी लावलेली होती. बारीक विणीची, नवीकोरी, कडेने गुंडाळून आत दुमडलेली. मी त्याला टाचेची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. मी बाबांकडे पाहिलं आणि बाबा एकदम फर्मे पुसायला लागले.

मग ते पायरी उतरून आले. गुडघ्यावर बसले. जाळीवरून हात फिरवला, एका भोकात करंगळी घालून पाहिली, दुसऱ्यात, तिसऱ्यात. दुसऱ्या बाजूलाही तसंच. किती तरी वेळ बघत होते. भिंगारच्या उतारावर सायकल त्यांच्या हातात होती, ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

"बोट जात नाही," ते उठत म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "बस, यशू."

मी बसले. तेरा वर्षांनी. वही छातीशी धरली, पाय जवळ घेतले, आणि त्याच्या पाठीत नि माझ्यात बोटभर जागा ठेवली. बाबा बघत होते ना! सायकल हलली तेव्हा मी श्वास धरून ठेवला. बाजारतळ गेला, चिंचेचं झाड गेलं.

"भीती वाटतीय?" त्याने पुढे बघत विचारलं.

"खूप."

"सावकाश घेऊ?"

"नको. चल तू."

पुढे मढीच्या वाटेवरचा उतार लागला. मी डोळे मिटले, एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने त्याला घट्ट धरलं, आणि ती बोटभर जागा उरली नाही.